कापूस विकला आणि खोली घुमायला लागली, १२ हजारात काय करता येईल?

अमळनेरकडचा_भो

राम राम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमच्या घराच्या मागच्या खोलीत (१० बाय १२, उंची ९ फूट, वर स्लॅब, खाली फरशी, चारी भिंतींना सिमेंटचं प्लास्टर) मी दिवाळीपासून रेकॉर्डिंग करतोय. मुख्य म्हणजे मायची गाणी. कानबाईची (आमच्या खानदेशातली श्रावणात बसवायची देवी), लग्नातली, जात्यावरच्या ओव्या, सगळं अहिराणीत. तिला दीडदोनशे तरी तोंडपाठ असतील आणि आता सत्तरी ओलांडली म्हणून म्हटलं जमतंय तोवर साठवून ठेवू. सोबत मी थोडं गातो, चुलतभाऊ ढोलकी वाजवतो. सामान साधंच, एक कंडेन्सर माइक, माइक लॅपटॉपला जोडायचा दोन चॅनलचा इंटरफेस, जुना लॅपटॉप, त्यात रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर.

आता गंमत ऐका. नोव्हेंबर ते मार्च त्याच खोलीत आमचा कापूस पडलेला होता. भाव नव्हता म्हणून विकला नाही, दहाबारा क्विंटल असेल, एका बाजूने छातीपर्यंत ढीग. आम्ही त्या ढिगाशेजारीच माइक लावायचो, अंगाला खाज सुटायची, माय आम्हाला आणि कापसाला दोघांना शिव्या द्यायची, पण आवाज असा यायचा की पुण्याच्या मित्राने विचारलं कोणत्या स्टुडिओत केलं रे. मार्चच्या शेवटी व्यापारी आला, कापूस गेला, मी खोली झाडून काढली, रंग दिला, टेबल मांडलं, म्हटलं चला आता खरा स्टुडिओ झाला. आणि पहिलंच गाणं ऐकतो तर विहिरीत बसून गायल्यासारखं! टाळी वाजवली की मागून टर्रर्र असं काहीतरी ऐकू येतं, आणि मी खालच्या सुरात गेलो की एकदोन सूर असे घुमतात की बाकीचं गाणंच दबून जातं.

जळगावला एका दुकानात विचारलं तर तो म्हणे एक इंची फोमचे २४ तुकडे घ्या, काळेनिळे, पिरॅमिडवाले, भिंतीला चिकटवा, काम तमाम. भाचा पोल्ट्रीवरून अंड्यांचे शंभरेक ट्रे घेऊन आलाय, ते ओट्यावर पडलेत. बजेट माझं १२ हजार, त्याच्यावर एक रुपया नाही (कापसाला काय भाव मिळाला ते विचारू नका). आणि बाहेर गल्लीतून ट्रॅक्टर जातो तोही रेकॉर्ड होतो, फोम लावला तर तो बंद होईल का?


पाचोऱ्याचा_पिंट्या

सोपं आहे भो, परत कापूस भर 😀

जोक जाऊ दे. अंड्यांचे ट्रे लावू नको. मी लावलेत, चारी भिंतींना, फेव्हिकॉलचे डबे संपवले, एक उन्हाळा गेला त्यात. आवाजात फरक काय पडला तर टाळीचा टर्रर्र थोडा कमी झाला, बाकी खोली होती तशीच. आता त्यामागे पालींनी संसार थाटलाय, गाणं रंगात आलं की एखादी चुकचुकते. ट्रे परत पोल्ट्रीवाल्याला देऊन टाक आणि बदल्यात अंडी घे.


भुसावळ_साउंड

भाऊ, तुझ्याच गोष्टीत तुझं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वीसएक वर्षं हेच काम करतोय, लग्नाच्या साउंडपासून सुरुवात केली, आता छोटा स्टुडिओ आहे.

तो कापसाचा ढीग म्हणजे पाच फूट जाडीचा शोषक होता. आवाज म्हणजे हवेची हालचाल, ती कापसाच्या तंतूंमध्ये शिरली की घासून घासून थकते, बास एवढंच. अट एक, जाडी पाहिजे. भिंतीला चिकटून हवा हलतच नाही, हलायला तिला जागा नाही. ती सगळ्यात जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. हजार हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण ३४ सेंटीमीटर, तिचा पाव म्हणजे साडेतीन इंचाच्या आसपास. शंभर हर्ट्झला तोच पाव जवळजवळ तीन फूट होतो. आता तो एक इंची पिरॅमिड फोम काय पकडणार ते तूच सांग. स आणि श तेवढे खाईल, म्हणजे मायचा आवाज बोथट होईल आणि घुमणं जिथल्या तिथं राहील. नवीन पोरं इथंच फसतात, फोम लावल्यावर खोली शांत वाटते म्हणून खूश होतात आणि मिक्सिंगला बसले की कळतं सगळं मातीच्या माठातून येतंय.

घुमणाऱ्या सुरांचा हिशोब सांगतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धर (आपल्याकडे मे महिन्यात त्याहून जास्तच, गरम हवेत आवाज जोरात पळतो). वेग भागिले लांबीची दुप्पट. १२ फुटाला निघतात ४७ हर्ट्झ, १० फुटाला ५७, उंचीच्या ९ फुटाला ६३. हे सगळे ढोलकीच्या धुमपेक्षाही खाली, त्यांचं तुला एवढं जाणवणार नाही. पण त्यांची दुप्पट बघ, ९४, ११३, १२६. पुरुषाचा खालचा सूर नेमका इथेच येतो. म्हणून तू गातोस तेव्हा खोली घुमते आणि मायचा आवाज वरचा म्हणून तिच्या वेळी नुसता टर्रर्र. तू माइक खोलीच्या मधोमध ठेवतोस ना? खरं सांग. या दुप्पटवाल्यांचा जोर बरोबर मध्यावर सगळ्यात जास्त असतो. माइक मधून काढ, लांबीच्या आणि रुंदीच्याही साधारण तिसऱ्या हिश्श्यावर ने, आणि उभं राहून गाण्यापेक्षा खाली सतरंजीवर मांडी घालून बस. बसल्यावर तोंड अडीच फुटावर येतं, नऊ फूट उंचीत तिथे १२६ चा जोर जवळजवळ मरतो. हे फुकट आहे. आधी हे करून बघ मग पैसे काढ.

एक जुनी गोष्ट आठवली. १८९५ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला एक नवं लेक्चर हॉल होतं, त्यात मास्तर काय बोलतो ते कुणाला कळायचं नाही, एकदा बोललेलं साडेपाच सेकंद रेंगाळायचं. वॉलेस सबीन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं बघ रे बाबा काय ते. तर हा माणूस रात्री शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि स्टॉपवॉच धरून आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचा, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. खोलीच्या घुमण्याचं सगळं शास्त्र त्या गाद्यांमधून निघालं. तू कापसाच्या ढिगावर जे केलंस ते तेच, फक्त तुला खाज सुटली.


धुळ्याची_आवाजवाली

वरच्या दादांनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त माझा अनुभव टाकते. मी व्हॉइसओव्हर करते, ऑडिओबुकं वगैरे, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, खिळा ठोकायची परवानगी नाही. पहिली दोन वर्षं मी कपाटाची दारं उघडून कपड्यांकडे पाठ करून वाचायचे.

हो, पाठ करून. हे फार जण उलटं करतात. आपले बहुतेक माइक कार्डिऑइड असतात, पुढचं ऐकतात, मागचं कमी ऐकतात. म्हणजे माइकचं तोंड कुठे, तर तुमच्याकडे आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे. त्या भिंतीवरून आलेला आवाज तो मन लावून ऐकतो. आणि लोक काय करतात, माइकच्या मागे अर्धगोल फोमची ढाल लावतात जिथे त्याला तसंही कमी ऐकू येतं. मीपण घेतली होती, साडेतीन हजाराला, आता तिच्यात मुलाची चित्रं टोचून ठेवलीत.

तर गोधड्या किती आहेत घरात? अमळनेरकडे म्हणताय म्हणजे मायच्या हातच्या पाचसहा तरी निघतील. दोन जाड गोधड्या, दुहेरी घडी करून, मायच्या पाठीमागे भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर टांगा. भिंतीला चिकटवून नको, मध्ये पोकळी हवी. आणि माइक सहा ते आठ इंचावर आणा. अंतर निम्मं केलं की सरळ येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि खोलीचा आहे तेवढाच राहतो, म्हणजे खोली आपोआप मागे पडते. फक्त तोंडाच्या अगदी समोर नको, थोडा कडेला, नाहीतर प आणि फ चा फटका बसतो.

गोधडीने तुमचं ते ११३ आणि १२६ जाणार नाही हे मात्र खरं, त्याला दादा म्हणतात तशी जाडीच लागेल.


अमळनेरकडचा_भो

दादा, ताई, दोघांचे खूप आभार. माइक खरंच मधोमध होता 🙈 काल रात्री तो हलवला, खाली बसून गायलो, गोधड्या टांगल्या. मायचं रेकॉर्डिंग निम्म्याने सुधारलं, खोटं नाही सांगत. माझं घुमणं कमी झालंय पण आहे.

आता मला सांगा, त्या जाडीसाठी पॅनल, म्हणजे भिंतीवर लावायच्या भरलेल्या चौकटी, करायच्या तर आत काय भरू? यूट्यूबवर सगळे रॉकवूल रॉकवूल करतात. ते इथे कुठे मिळणार? आणि घरात तीन जुन्या गाद्या पडल्यात, आजोबांच्या काळातल्या, दगड झालेल्या. तो कापूस चालेल का? आपण कापसाच्या गावात राहून बाहेरून लोकर आणायची हे काही मनाला पटत नाही.


पिंजाऱ्याचा_पोर

इथे मी बोलू शकतो, आमचं घराणंच गादीवाल्यांचं, पारोळ्याला दुकान होतं, वडिलांच्या हातात कापूस पिंजायची कमान होती, नंतर मशीन आलं.

दगड झालेला कापूस तसाच भरू नका, काही उपयोग नाही, आवाजाला शिरायला वाट नाही. पिंजून घ्या. पिंजला की तोच कापूस तिप्पट फुगतो. सिंगल गादीत आठदहा किलो कापूस असतो, म्हणजे तुमच्या तीन गाद्यांचा पिंजून, धूळ आणि किटाळ जाऊन चोवीस-पंचवीस किलो धरा. २ बाय ४ फूट, ४ इंच जाड पॅनलला तीन किलोच्या आसपास लागतो. आठ पॅनल आरामात. जास्त दाबून भरू नका, हात दाबला की परत वर यायला पाहिजे, पोळीसारखा बसायला नको.

मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती यूट्यूबवाला सांगणार नाही. कापूस उभा ठेवला की खाली बसतो. सहा महिन्यात पॅनलचा वरचा फूटभर भाग रिकामा आणि खाली पोट सुटलेलं. त्याला उपाय गादीलाच असतो, टाके. मांजरपाटाची पिशवी शिवा, कापूस भरा, आणि वीतवीतभर अंतरावर सुताने आरपार टाके घाला, मग ती अख्खी गादी लाकडी चौकटीत बसवा. मागून नुसती तार किंवा सुतळी आडवी मारा, प्लायवूड नको, मागून पण हवा खेळली पाहिजे. वरून कापड कोणतंही लावा पण तोंडाला लावून फुंकर मारून बघा, फुंकर आरपार गेली तर चालेल. रेग्झिन, मेणकापड अजिबात नको, दिसायला झकपक पण आवाज टप्पा खाऊन परत येतो.

आणि सरकीवाला कापूस भरू नका हो, म्हणजे घरात राहिलेला. उंदीर येतील. सरकी काढलेली रुईच पाहिजे.


वायरमन_नंदुरबार

मंडळी सगळं ठीक आहे, पण एका खोलीत पंचवीस किलो कापूस, लाकडी चौकटी, कापडं, आणि त्यात इंटरफेस, लॅपटॉपचे चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड. कापूस पेटला तर बादली आणायला वेळ मिळत नाही. जिनिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, आतल्या आत धुमसतो आणि वरून दिसतही नाही.

करू नका म्हणत नाही. पण बोर्ड आणि स्विचवर पॅनल टांगू नका, हातभर लांब ठेवा. खोलीची वायरिंग जुनी असेल तर आधी ती बदला, माइकच्या आधी. खोलीत विडी सिगारेट उदबत्ती काही नाही (कानबाईच्या गाण्याला माय दिवा लावत असेल तर तो बाहेर). कापूस भरण्याआधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याचा फवारा मारून कडक उन्हात वाळवला तर तो पेट लवकर घेत नाही, कसरही लांब राहते. पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नका, पेटायला वेळ लागतो एवढंच. आणि दाराला आतून कडी नको, रेकॉर्डिंग चालू असताना तर नकोच.

थर्माकोल आणि साधा सोफ्याचा फोम कुणी सुचवला तर त्याला हाकलून द्या. तो पेटला की जाळापेक्षा धूर आधी मारतो.


भुसावळ_साउंड

वायरमन भाऊंचं शंभर टक्के. म्हणूनच लोक रॉकवूल म्हणतात, तो दगड वितळवून काढलेला धागा, जळत नाही, उंदीर खात नाही, बसत नाही. आणि न मिळायला काय झालं, बॉयलर आणि पाइपांना गुंडाळायला तोच लागतो. जळगावच्या एमआयडीसीत इन्सुलेशनच्या मालाची चौकशी कर, ४८ डेन्सिटी, ५० एमएमचे स्लॅब माग. स्टुडिओसाठी पाहिजे असं सांगू नको, भाव वाढतो. हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क, हातमोजे, आणि कापडात नीट बांधल्याशिवाय खोलीत ठेवायचा नाही. खाज तुझ्या कापसापेक्षा वाईट.

माझं म्हणणं दोन्ही वापर. भिंतींना कापसाचे आठ पॅनल, आणि दोन कोपऱ्यांत रॉकवूल, दोन स्लॅब एकावर एक म्हणजे चार इंच, कोपऱ्यात तिरपे उभे, खालपासून वरपर्यंत, मागे त्रिकोणी पोकळी राहू दे. खालचे सूर कोपऱ्यात गोळा होतात, तिथे जाडी टाकली तर पैसे वसूल.

हिशोब करून दाखवतो म्हणजे दुकानदार फसवणार नाही. आवाज किती सेकंद रेंगाळतो त्याचं सबीनचंच सूत्र, फुटात: ०.०४९ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. तुझं घनफळ १०८०, म्हणजे वर आले ५३. रिकाम्या खोलीत भिंती, फरशी, स्लॅब मिळून ६३६ चौरस फूट, पण प्लास्टर शंभरातला तीनच भाग आवाज खातं, म्हणून शोषण जेमतेम १९. त्रेपन्न भागिले एकोणीस, पावणेतीन सेकंद! दार, खिडकी, टेबल धरलं तर प्रत्यक्षात कमी येईल, पण विहीर का वाटते ते कळलं ना. आपल्याला पाहिजे ०.४ सेकंदाच्या आसपास, त्याला शोषण लागतं १३०. आठ पॅनलचे ६४, दोन कोपऱ्यांचे ३२, आधीचे १९, आणि सतरंजी, तू, मिळून पंधरा. जमलं. हे मधल्या सुरांचं गणित आहे, खालच्या सुरांना एवढं मिळत नाही, पण कामापुरतं होतं.

पॅनल कुठे लावायचे तर गाणाऱ्याच्या मागे दोन, मग बाजूच्या भिंतींवर. स्पीकरवर ऐकायच्या जागी तू बस आणि भाच्याला आरसा घेऊन भिंतीवरून सरकवायला सांग, आरशात स्पीकर दिसला तिथे पॅनल. दोन डोक्यावर छताला टांग, साखळीने, पण हुक स्लॅबमध्ये नीट बसव, मायच्या डोक्यावर पडायला नको. आधी आणि नंतर आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्याने मोजून बघ.

ट्रॅक्टरचं राहिलं. यातल्या एकाही गोष्टीने ट्रॅक्टर थांबणार नाही. आतला आवाज मऊ करणं आणि बाहेरचा अडवणं ही दोन वेगळी कामं. अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. भिंत तुझी विटांची, तिचं बरं आहे, आवाज येतो दाराखालून आणि खिडकीतून. दाराच्या चौकटीला रबरी पट्टी मार, खालच्या फटीला झडप लाव, खिडकी बाहेरून जाड प्लायने बंद करून कडा भर. आणि रात्री रेकॉर्ड कर. कायद्याने दहानंतर डीजे बंद असतो म्हणतात 😀


पाचोऱ्याचा_पिंट्या

दहानंतर बंद?? आमच्याकडे दहाला तर नवरदेव घोड्यावर बसतो.

पण एक विचारू का, खिडकी बंद, दार बंद, पंखा बंद (पंख्याची घरघर माइकात येते), वर चार इंच कापूस. मेमध्ये ४४ डिग्रीत गाणार कोण? मला तर अंड्याच्या ट्रेमध्येच घाम फुटतो.


धुळ्याची_आवाजवाली

पिंट्याभाऊ, मी मेमध्ये पहाटे साडेचार ते सात एवढंच रेकॉर्ड करते. कूलर रात्रभर चालू ठेवून खोली गार करायची, मग कूलर बंद, एकेक टेक दहा मिनिटांचा, मध्ये दार उघडायचं. ट्रॅक्टर पण नसतात तेव्हा. पाखरं असतात, पण त्याची मला सवय झालीय.


अमळनेरकडचा_भो

अपडेट देतो, दीड महिना लागला कारण मध्ये पेरणी आली.

तिन्ही गाद्या पिंजून आणल्या, पिंजाऱ्याच्या पोराने सांगितलं तसे टाके घालून घेतले, शिवणारे काका विचारत होते एवढ्या अरुंद गाद्या कुणासाठी, म्हटलं भिंतीसाठी, तर माझ्याकडे बघतच राहिले. पिंजाई-शिलाई १६००, मांजरपाट आणि वरचं कापड १३५०, लाकूड आणि सुतार मिळून ४२००, रॉकवूलचे आठ स्लॅब जळगावहून गाडीभाड्यासकट २९००, रबरी पट्टी आणि स्क्रू ४५०. साडेदहा हजारात बसलं. बोरॅक्सचा फवारा मारला, बोर्ड नवीन बसवला, तो पॅनलपासून लांब आहे. अंड्याचे ट्रे परत दिले, अंडी मिळाली नाहीत.

टाळी वाजवली तर आता नुसती टाळी. माझं घुमणं ऐंशी टक्के गेलं, ११३ च्या जवळ अजून एक टेकाड दिसतं आरईडब्ल्यूमध्ये पण कानाला खटकत नाही. ढोलकीची थाप पहिल्यांदा थापेसारखी ऐकू आली, चुलतभावाने तीनदा परत लावून ऐकली.

आता नवीन दुखणं. माय आत येऊन बसली, एक कडवं म्हटलं आणि थांबली. म्हणे "आठे मना आवाज मालेच ऐकू येत नही." (इथे माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.) परत गायला लावलं तर सूर ताणायला लागली, दोन गाण्यांत दमली. कापसाच्या वेळी असं बोलली नव्हती. मी काय जास्त लावलं का?


भुसावळ_साउंड

थोडं जास्त झालं, आणि एकाच जातीचं झालं. कापसाच्या वेळी ढीग एका बाजूला होता, बाकी तीन भिंती आणि छत उघडं होतं, तिला तिचा आवाज समोरून परत मिळायचा. आयुष्यभर ओसरीवर, मांडवात, चार बायकांच्या घोळक्यात गायलेली बाई, तिला परत येणारा आवाज लागतोच, त्याच्यावरच ती सूर धरते. हेडफोन लावून जमणार नाही, सवय नाही तिला.

मायच्या समोरच्या भिंतीवरचे पॅनल काढ, ती भिंत उघडी ठेव. ते माइकच्या पाठीमागे येतं, म्हणून रेकॉर्डिंगला फार धक्का नाही. सतरंजी फक्त बसण्यापुरती ठेव, पुढे फरशी उघडी. आणि बाजूच्या दोन पॅनलवर लाकडी पट्ट्या मार, दोनअडीच इंच रुंद, मध्ये बोटभर फट सोडून, म्हणजे वरचे सूर परत येतील आणि मधले-खालचे आत शिरत राहतील. कोपऱ्यांना हात लावू नको.


अमळनेरकडचा_भो

समोरचे काढले दादा, पट्ट्या उद्या मारतो. काल रात्री मायने सलग सात गाणी म्हटली, आठवं मीच थांबवलं, लॅपटॉप भरला.

अजून एकच विचारतो. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, गल्लीतल्या दहाबारा बाया रात्री गायला येतात. त्यांना या खोलीत बसवून एकत्र रेकॉर्ड करायचा विचार आहे. एकच माइक आहे. जमेल का?


भुसावळ_साउंड

जमेल. बायांना अर्धगोल बसव, माइक मधल्या दोघींपासून चारेक फुटांवर, डोक्याच्या थोडा वर, खाली तोंड करून. जिचा आवाज खणखणीत तिला कडेला बसव, मायला मध्ये. पंखा चालू राहू दे, दहाबारा जणी बंद खोलीत बसवू नको, थोडी घरघर आली तर येऊ दे. आणि त्या यायच्या आधी समोरचे काढलेले धरून एकूण सहा पॅनल ओट्यावर ठेव. एक माणूस बसला की चारपाच चौरस फुटाचा पॅनल होतो, बारा बाया म्हणजे तुझे सहा पॅनल स्वतःच चालत येणार आहेत.


धुळ्याची_आवाजवाली

आणि नऊवारीत आल्या तर सात पॅनल काढा 🙂